‘विशिष्ट समाज’ म्हणजे कोण?

रोज वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाला काही शब्द तोंडपाठ झालेले असतात. ‘दोन गटांत दगडफेक’, ‘विशिष्ट समाजाचा जमाव’, ‘संवेदनशील वस्ती’, ‘शहरात तणावपूर्ण शांतता’. या शब्दांत कुणाचेही नाव नाही, तरी वाचताच नाव कळते. कुठली वस्ती, कुठला समाज, पहिला दगड कुणाचा, हे सगळे वाचणारा मनातल्या मनात भरून घेतो. कविता लिहिणाऱ्याला यात नवल वाटत नाही. झाकलेला शब्द उघड्या शब्दापेक्षा जास्त बोलतो. कवितेत ती खुबी ठरते. बातमीत मात्र तिचा त्रास होतो, कारण रिकामी जागा जो तो आपापल्या पूर्वग्रहाने भरतो.

अल्पसंख्य समाजांच्या बातम्या कशा लिहिल्या जातात आणि त्या अधिक चांगल्या कशा लिहिता येतील, एवढाच आजच्या बोलण्याचा विषय आहे. मी पत्रकार नाही. बी. ए.पर्यंत शिकलेला, मराठीत कविता लिहिणारा आणि सकाळच्या चहाबरोबर दोन-तीन वर्तमानपत्रे वाचणारा माणूस आहे. पण बातमी ज्यांच्याविषयी असते, त्यांच्या ओट्यावर बसून ती कशी दिसते हे मला ठाऊक आहे.

मी फैजपूरचा. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन आमच्या गावी झाले. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. मंडपाची सजावट शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांच्याकडे होती. त्यांनी शहरातून सामान मागवले नाही, इथला बांबू आणि इथल्या कारागिरांचे हात वापरले. बाहेरून येणाऱ्याने गाव कसे पाहावे, याचा हा धडा आहे. आधी इथे काय आहे ते बघावे, मग उभारणी करावी. बातमीलाही हाच नियम लागू पडतो.

‘असूनही’ या शब्दाची गोष्ट

काही वर्षांपूर्वी एका वर्तमानपत्रात माझा छोटासा परिचय छापून आला. ‘मुस्लिम असूनही अस्खलित मराठीत काव्यलेखन करणारे कवी’ असे त्यात लिहिले होते. लिहिणाऱ्याने मनापासून कौतुक केले होते, त्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. अडचण तिथेच आहे. वाईट हेतूने लिहिलेले वाक्य लगेच ओळखू येते. चांगल्या हेतूने लिहिलेल्या वाक्यात जेव्हा ‘असूनही’ येतो, तेव्हा तो समज किती खोल मुरला आहे हे कळते.

आमच्या घरात खानदेशी वळणाची उर्दू, ओट्यावर लेवा बोली आणि शाळेत पुस्तकातली मराठी. यात ‘असूनही’ कुठे बसवणार? श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला. शाहीर अमर शेखांच्या आवाजावर संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतल्या सभा उभ्या राहिल्या. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले आणि त्यानंतर वेगवेगळ्या गावी भरत राहिले. एवढी माहिती ज्याच्या गाठीशी आहे, त्याच्या लेखणीतून ‘असूनही’ उतरत नाही. म्हणजे पहिली गरज माहितीची आहे, उपदेशाची नंतर.

नावे का झाकली गेली

‘दोन गट’ आणि ‘विशिष्ट समाज’ हे शब्द आले कुठून, हेही समजून घेतले पाहिजे. त्यामागे एक भले कारण होते. ७ मे १९७० रोजी भिवंडीत दंगल उसळली आणि दुसऱ्याच दिवशी, ८ मे रोजी, शेकडो किलोमीटर लांबचे जळगाव पेटले. माझा जन्म त्याच सुमाराचा, त्यामुळे ते दिवस मी घरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले. पुढे न्यायमूर्ती मादन आयोगाने भिवंडी, जळगाव आणि महाड येथील दंगलींची चौकशी केली. एका गावची बातमी दुसऱ्या गावात आग लावू शकते, हे खानदेशाने असे अनुभवले आहे.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९६९ मध्ये, प्रेस कौन्सिलने जातीय तणावाच्या बातम्यांसाठी काही सूत्रे घालून दिली होती. घटना फुगवू नये, भाषा भडक नसावी, साध्या भांडणाला धर्माचा रंग देऊ नये, एखाद्या समाजावर सरसकट आरोप करू नये, अशी ती साधी सूत्रे. यातूनच नावे न छापण्याचा रिवाज पक्का होत गेला. तो त्या वेळी गरजेचा होता आणि ऐन दंगलीच्या रात्री आजही गरजेचा आहे.

पण रिवाजाची सवय झाली की त्यामागचे कारण विसरले जाते. धुळ्याचे उदाहरण घ्या. ६ जानेवारी २०१३ रोजी धुळ्यात एका खाणावळीतल्या बिलावरून भांडण झाले आणि त्याची दंगल झाली. त्यात सहा तरुण मेले, सगळे मुसलमान, आणि ते मेले पोलिसांच्या गोळीबारात. आता दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा. ‘दोन गटांतील दंगलीत सहा ठार.’ ‘दंगलीच्या वेळी पोलिसांच्या गोळीबारात सहा ठार.’ पहिले वाक्य खोटे नाही, पण वाचणाऱ्याला वाटेल की एका गटाने दुसऱ्याला मारले. दुसऱ्या वाक्यात कुणाचाही धर्म नाही, तरी खरी घटना त्यातच आहे. पुढे तोडफोड आणि लूट करतानाच्या चित्रफिती बाहेर आल्या आणि काही पोलिसांना अटकही झाली. गोळीबार योग्य होता की अयोग्य, हे ठरवण्याचे काम चौकशीचे. गोळी कुणाच्या बंदुकीतून सुटली, हे सांगण्याचे काम बातमीचे.

म्हणून माझ्या मते कसोटी एकच असावी. धर्माचा किंवा जातीचा घटनेशी संबंध आहे का? असेल तर तो स्पष्ट, मोजक्या शब्दांत आणि दोन्ही बाजूंना विचारून सांगावा. नसेल तर अजिबात सांगू नये. मोटारसायकल चोरणाऱ्याचा धर्म हा बातमीचा भाग नाही. एखाद्याला धर्म विचारून घर नाकारले गेले, तर तो बातमीचा गाभा आहे.

पहिल्या दिवसाची बातमी, शेवटच्या दिवसाची बातमी

आमच्या शेजारच्या मालेगावात ८ सप्टेंबर २००६ रोजी, शुक्रवारी, शब-ए-बारातच्या दिवशी बडा कब्रस्तानच्या परिसरात स्फोट झाले. तीसहून अधिक माणसे गेली. पुढे नऊ मुसलमानांना अटक झाली. त्या दिवसांतल्या बातम्यांचे मथळे आठवून पाहा. ‘संशयित’ हा शब्द दोन-चार दिवस टिकला, मग ‘सूत्रधार’, मग सरळ ‘दहशतवादी’. त्यांच्यापैकी सात जण नोव्हेंबर २०११ मध्ये, म्हणजे सुमारे पाच वर्षांनी, जामिनावर सुटले. एक जण खटला संपण्याची वाट पाहत मरण पावला. २५ एप्रिल २०१६ रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने उरलेल्या आठ जणांना आरोपमुक्त केले. अटकेच्या बातमीला कित्येक दिवस पहिले पान होते. सुटकेच्या बातमीला तेवढी जागा मिळाली, असे कुणी म्हणू शकेल का?

माप मात्र दोन्हीकडे एकच हवे. त्याच मालेगावात २९ सप्टेंबर २००८ रोजी पुन्हा स्फोट झाला आणि सहा जण मेले. त्या खटल्यातल्या आरोपींनाही निकालाआधीच दोषी ठरवणारे मथळे छापले गेले, आणि त्यांच्या धर्मालाही दहशतीचे विशेषण चिकटवले गेले. ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने सातही आरोपींना निर्दोष सोडले. आरोपी हिंदू असो की मुसलमान, निकालापर्यंत तो आरोपीच. दुसरे असे की, या सगळ्या गदारोळात स्फोटात मेलेल्यांची घरे बातमीतून निघून जातात. त्यांना काय मिळाले, त्यांची मुले काय करतात, हे विचारायला वर्षश्राद्धाच्या दिवशीही कुणी जात नाही.

सगळे एका टोपलीत

मराठी बातमीतला मुसलमान बहुधा एकाच साच्याचा असतो. फोटोत त्याच्या डोक्यावर टोपी असते, बाईच्या अंगावर बुरखा असतो. प्रत्यक्षात आमच्या यावल-रावेर भागात पिंजारी आहेत, मण्यार आहेत, खाटीक आहेत, बागवान आहेत, आणि सातपुड्याच्या पायथ्याला तडवी आहेत. तडवी हे भिल्ल आहेत, अनुसूचित जमातीत मोडतात आणि त्यांच्यातले बहुतेक धर्माने मुसलमान आहेत. आदिवासी आणि मुसलमान ही दोन्ही नावे एका माणसाला लागू शकतात, हे ज्या उपसंपादकाला माहीत नाही, त्याच्या हातून काय होते ते आपण पाहिले आहे.

२२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांचा मृत्यू झाला. त्या आमच्या जळगावच्या लेक. जातीवरून छळ झाल्याच्या तक्रारीमुळे ही बातमी देशभर गेली. काही बातम्यांत त्या दलित होत्या, काहींत नुसत्या मागासवर्गीय, काहींत मुस्लिम. तडवी भिल्ल म्हणजे कोण, हे एका ओळीत सांगायला फारच थोड्यांना सुचले. खटल्याविषयी मी बोलणार नाही, ते न्यायालयाचे काम. पण ज्या ओळखीमुळे छळ झाल्याची तक्रार होती, तीच ओळख बातमीत चुकत असेल, तर त्या मुलीने काय सोसले हे वाचणाऱ्याला कसे कळणार?

शब्दांचेही तसेच. मुफ्तीने विचारलेल्या प्रश्नावर दिलेले मत म्हणजे फतवा. ते मत मानायचे की नाही, हे विचारणाऱ्यावर असते. मराठी बातमीत मात्र कुणीही काढलेला जुलमी हुकूम हा ‘फतवा’ होतो. मदरसा म्हणजे नुसती शाळा. मोहरम हा शोकाचा प्रसंग, तरी त्याच्या ‘हार्दिक शुभेच्छा’ छापून येतात. यात कुणाचा द्वेष नाही. पण दिवाळीच्या पाडव्याला कुणी सांत्वनाचे पत्र पाठवले, तर आपल्याला कसे वाटेल?

आणखी एक गोष्ट. आम्ही पानावर मुख्यतः दोन वेळा दिसतो, ईदला आणि दंगलीला. ईदला गळाभेटीचा फोटो येतो आणि खाली ‘ऐक्याचे दर्शन’ असे लिहिलेले असते. फोटो छानच असतो. पण मधल्या तीनशेसाठ दिवसांचे काय? केळीच्या ट्रकवर घड चढवणारा मजूर, सातवीनंतर घरी बसलेली मुलगी, बँकेत कर्जासाठी चार चकरा मारणारा मेकॅनिक, आठ दिवसांनी पाणी येणारी गल्ली, यांच्या बातम्या कोण लिहिणार? नोव्हेंबर २००६ मध्ये सच्चर समितीचा अहवाल संसदेत ठेवला गेला. लोकसंख्येत १३.४ टक्के असलेल्या समाजाचे भारतीय प्रशासन सेवेतले प्रमाण अवघे ३ टक्के असल्याचे त्यात होते. शाळा, कर्ज, नोकरी असा सगळा रोजच्या जगण्याचा तपशील त्या अहवालात होता. चर्चा मात्र ‘लांगूलचालन झाले की नाही’ याचीच जास्त झाली.

अफवा आणि मथळा

हा प्रश्न एकट्या मुसलमानांचा नाही. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अनेक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो शिक्का कागदोपत्री पुसला गेला. तरी ‘पारधी टोळीचा धुमाकूळ’ असा मथळा त्यानंतर कित्येक वर्षे आपण वाचत आलो. चोराचे नाव छापा, गावही छापा. त्याच्या सगळ्या जमातीला पिंजऱ्यात का उभे करायचे?

अशा संशयाचा शेवट कुठे होतो, हे १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याने दाखवले. सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना, मुले पळवणारी टोळी समजून, जमावाने ठेचून मारले. अफवा मोबाइलवरून फिरली होती. बोली वेगळी, वेश वेगळा, म्हणजे टोळी. अशा वेळी स्थानिक वर्तमानपत्राने पहिल्या पानावर ‘अशी कोणतीही टोळी नाही’ असे दोन दिवस ठळक छापले, तर ते मोठे काम ठरते. भटके लोक कोण, कुठून येतात, का फिरतात, हे वर्षातून एकदा जरी लिहिले, तरी पाड्यावरच्या माणसाला अनोळखी चेहरा ओळखीचा वाटू लागेल.

२०२० मध्ये करोनाच्या पहिल्या लाटेत तबलिगी जमातीच्या निमित्ताने असाच संशय छापील आणि दूरचित्रवाणीच्या माध्यमांतून पसरला. कित्येक ठिकाणी भाजीवाल्याला गल्लीत शिरण्याआधी नाव विचारले जाऊ लागले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या तेव्हाच्या औरंगाबाद खंडपीठाने अहमदनगर जिल्ह्यात दाखल झालेले २९ परदेशी नागरिकांविरुद्धचे गुन्हे रद्द केले. माध्यमांतून मोठा अपप्रचार झाला आणि या लोकांना बळीचा बकरा केले गेले, अशा आशयाचे ताशेरे त्या निकालात आहेत. भाजीवाल्याची गिऱ्हाइके मात्र निकालाने परत येत नाहीत.

बातमी बनते कशी

दोष एकट्या वार्ताहराला देऊन भागत नाही. तालुक्याचा वार्ताहर बहुधा अर्धवेळ असतो. मानधन तुटपुंजे असते आणि जाहिराती आणायची जबाबदारीही त्याच्यावरच असते. संध्याकाळी पोलीस ठाण्यातून माहिती घ्यायची, फिर्याद बघायची आणि तासाभरात मजकूर जिल्ह्याला पाठवायचा. तिथला उपसंपादक मथळा देतो. त्याने ते गाव पाहिलेलेच नसते. फिर्याद ही एका बाजूची असते. पण ‘फिर्यादीत म्हटले आहे’ हे तीन शब्द जागेअभावी गळतात आणि आरोपाची घटना होते.

खोलीत कोण बसले आहे, यालाही महत्त्व आहे. अमेरिकेत १९६७ च्या दंगलींनंतर नेमलेल्या कर्नर आयोगाने १९६८ मध्ये अहवाल दिला. वृत्तसंस्थांमध्ये संपादकीय कामावर काळे लोक ५ टक्क्यांहूनही कमी आहेत, त्यामुळे बातमी गोऱ्यांच्या खिडकीतून लिहिली जाते, असा त्याचा निष्कर्ष होता. आपल्याकडे २००६ मध्ये दिल्लीतल्या माध्यमांमधल्या निर्णय घेणाऱ्या ३१५ पत्रकारांची पाहणी झाली. त्यात एकही दलित किंवा आदिवासी आढळला नाही. तडव्यांची ओळख चुकते, त्याचे मूळ इथे आहे.

मग करायचे काय?

मला सुचलेल्या पाच गोष्टी सांगतो. एक, बातमी लिहून झाली की त्यातले समाजाचे नाव बदलून आपल्या समाजाचे घालून वाचावी. खटकली तर ती पुन्हा लिहावी. दोन, पोलिसांनंतर एक फोन त्या वस्तीत करावा, आणि तो दरवेळी मौलानांना नसावा. तिथे शिक्षक आहेत, डॉक्टर आहेत, बचत गटाच्या बाया आहेत. तीन, अटक ज्या पानावर छापली, सुटकाही त्याच पानावर छापावी. चार, जिल्ह्यातल्या समाजांची, सणांची आणि शब्दांची एक छोटी वही कार्यालयात ठेवावी. तडवी, डवरी गोसावी, शब-ए-बारात, फतवा, अशा पन्नास शब्दांची वही पुरेशी आहे. पाच, आमच्या मुलामुलींना बातमीदार म्हणून घ्यावे, आणि घेतल्यावर त्यांना फक्त ईदचीच बातमी देऊ नये. त्यांनी बाजार समितीही करावी, अर्थसंकल्पही करावा.

आमच्या बाजूनेही काही करायला हवे. चुकीची बातमी आली की आम्ही चौकात चडफडतो, पण संपादकाला साधे पत्र लिहीत नाही. दाद मिळाली नाही तर दैनिकातल्या मजकुराविषयी दोन महिन्यांच्या आत प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते. कौन्सिलला शिक्षेचा अधिकार नाही, पण समज देण्याचा आणि ठपका ठेवण्याचा आहे. वार्ताहर मोहल्ल्यात आला तर त्याच्याकडे संशयाने बघू नये, बसवावे, बोलावे, आपल्यातल्या उणिवाही लपवू नयेत. आणि काही उर्दू पत्रांतही ‘ते सगळे’ असा सरसकट शब्द येतो. तो वाचूनही आपल्याला खटकले पाहिजे.

मी हे रेडिओवरून बोलतो आहे, म्हणून एक आठवण द्यायलाच हवी. १९९४ मध्ये रवांडात एका रेडिओ केंद्राने शेजाऱ्यांविरुद्ध शेजाऱ्यांना चिथावले. २००३ साली आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्या केंद्राच्या धुरीणांना, आणि त्यांच्याबरोबर एका नियतकालिकाच्या संपादकालाही, नरसंहाराच्या गुन्ह्यात दोषी ठरवले. शब्दाची जबाबदारी एवढी मोठी असते.

आमच्या भागातली वर्तमानपत्रे रोज केळीचा भाव छापतात, रावेरचा वेगळा आणि बऱ्हाणपूरचा वेगळा. त्यात दहा रुपयांची चूक झाली तर सकाळी शेतकऱ्यांचे फोन सुरू होतात. म्हणून तो आकडा छापण्याआधी कुणीतरी न चुकता तपासतो. माणसाविषयीचे वाक्यही असेच, छापण्याआधी एक फोन करून तपासावे. त्याला पैसे लागत नाहीत. पाच मिनिटे लागतात.